धुऱ्यावरचा पहिला घास

माहं नाव कल्पना. गाव आमचं रोहण्याच्या मांगं, मोठ्या रस्त्यानं गेलं तर दिसत नाई, नाल्याच्या उतारात दडलेलं आहे, अन् तेच बरं आहे. बाबाचं तीन एकर वावर अन् मी एकुलती एक पोट्टी, अन् तुमी लिहून घेऊन राह्यल्या म्हणून सांगतो ताई, लहानपणापासून आंगानं अशी भरली होती का घरी पाहुणे आले तर माय म्हणे, आत बस वो जराक, तुह्यानं दरवाजा अडते. दहावीत होती तवा तुरीचं पोतं पाठीवर घेऊन बैलबंडीत टाकत होती मी. बाबा गावात सांगत फिरे, मले पोरगा काऊन पायजे, माही पोट्टी दोघांचं काम करते. त्याले कवतिक होतं. मले बी होतं, खोटं कशाले बोलू. आंगातली ताकद कोठं वापराची अन् कोठं नाई हे मले कोणी शिकवलं नाई, असं मी म्हणत होती, पण ते बी खोटंच, कारण बाबानं एकदा शिकवलं होतं अन् मी विसरून गेली.

झालं असं का सातवीत एका पोट्ट्यानं माही येणी ओढली. मी त्याची मान धरली अन् डोकं हापशीवर आपटलं. रगत असं उडालं का हापशीचं पाणी लाल झालं. पोट्टे पळाले. बाबा वावरातून आला, मले वाटलं आता मार पडते, पण त्यानं मले मारलं नाई, हाताले धरून त्या पोट्ट्याच्या घरी नेलं अन् म्हणे, हे फडकं धर त्याच्या डोक्याले, रगत थांबतवर धराचं, हात दुखला तरी सोडाचा नाई. तो पोट्टा रडे अन् मी फडकं धरून बसली, त्याच्या आईनं मले शिव्या देल्ल्या अन् मंग चहा बी देला. ते फडकं ओलं होत गेलं ते मले आजबी हातात लागते. दुसऱ्या दिवशी शाळेत तोच पोट्टा माह्या बाजूले बसला, डोक्याले पट्टी बांधून.

अन् मायचं सांगाचं तर मायची सीतादही. तुमी इंग्रजी शाळेतल्या, तुमाले मालूम नसन, सांगतो. कापूस फुटला का वेचा सुरू कराच्या आंधी वावराच्या कोपऱ्यातल्या एका पऱ्हाटीखाली, म्हंजे कापसाच्या झाडाखाली, पाच दगड धुऊन मांडतात, हळद-कुंकू लावतात, दहीभाताचा निवद दाखवतात, पऱ्हाटीवर दही शिंपडतात, का बाई अशीच पांढरी हो, दह्यासारखी भरून ये. मंग वेचणाऱ्या बाया तिथंच बसून जेवतात. ते झाल्याशिवाय आमच्याकडं बाई कापसाले बोट लावत नाई. अन् आमच्या गावात त्याच्यात एक आणखी आहे, पहिला घास धुऱ्यापलीकडच्या बाईले द्याचा. धुरा म्हंजे दोन वावराच्या मधातला बांध. त्याच्या पलीकडं जिचं वावर, तिच्या तळहातावर पहिला घास. मी मायले इचारलं होतं, काऊन वो तिलेच, बेबीकाकू तर तुले रोज शिव्या देते. माय म्हणे, तुले वावरात साप चावला तर बोंबलशीन का नाई? तवा पहिले कोणाले ऐकू जाईन? देवाले का बेबीले?

बेबीकाकू म्हंजे आमच्या खालच्या आंगाचं वावर जिचं, ती. नवरा मारोतीकाका, एकदम गरीब माणूस, दोघांच्या वाट्याचं ती एकटीच बोलते.

लग्न झालं माहं विसाव्या वर्षी, नवरा गाडी चालवे, तो मले पुण्याले घेऊन गेला. प्याचा. त्यानं एकदा हात उचलला, मी दोनदा उचलला, तिसऱ्यांदा तो उचलाच्या आंधीच मी त्याले जिन्यावरून खाली ढकललं, चौदा पायऱ्या. मेला नाई. निघून गेला, दुसरं घर केलं त्यानं. मी अन् माही पोट्टी आरोही, दोघीच राह्यलो, वाकडकडच्या एका खोलीत, पत्र्याच्या छताखाली, आजूबाजूले एवढ्या खोल्या का भिंतीतून शेजारच्याचा खोकला आपल्या उशीवर ये. जिन्यावरचं सगळ्यायनं पाह्यलं होतं, अन् खालच्या मजल्यावरचा एक माणूस म्हणे, ताई, तुमच्यासारखी बाई आमाले पायजे. तो बाउन्सर पुरवणाऱ्या एजन्सीत होता.

तर मी बाउन्सर झाली. हसू नका. काळा टी-शर्ट, काळी पँट, केस घट्ट बांधाचे. बायांचं भांडण असलं का बाया बाउन्सर लागतात, पुरुषानं हात लावला तर केस होते. आमच्या सरनं पहिल्याच दिवशी सांगतलं, पहिले हात, मंग तोंड, इचारत बसली का मार खाशीन. मनगट पकडून कसं पिळाचं, बोटं कशी उलटी कराची, केसाले कोठून धराचं का माणूस आपोआप चालते, सगळं शिकवलं. मले लवकर आलं. गाण्याच्या कार्यक्रमात पोट्ट्या कठड्यावर चेंगरत, मी एकीले दंडाले धरून बाहेर ओढली तर तिचा खांदाच निसटला. दवाखान्यात कोणाचा माणूस मरे अन् त्याची बायको डॉक्टरच्या आंगावर धावे, मी तिले भिंतीले दाबून धरत होती, ती माह्या छातीवर बुक्क्या मारे अन् म्हणे, माहा माणूस गेला वो, अन् मी म्हणत होती, बाहेर चला. तेवढंच बोलाचं असे आमाले. बाहेर चला. आठ वर्षं मी लोकायले बाहेर चला म्हणत होती, ताई, अन् माहं सवताचं घर कोठं आहे ते मले कोणी इचारलं असतं तर सांगता नसतं आलं.

हे मनगट पाह्यलं ना तुमी. मघापासून पाहून राह्यल्या, इचारत नाई. इचारत नाई हे बरं आहे तुमचं, म्हणूनच सांगतो.

एक म्हातारी होती. फ्लॅट खाली कराचा होता, कोणाचा काय कज्जा ते आमाले सांगत नाईत, फक्त पत्ता देतात. सकाळचे दहा वाजले असन. आमी चार जणी गेलो. म्हातारी एकटीच, कढई चढवलेली, पोह्याचा वास येऊन राह्यलेला. तिनं दाराची चौकट धरली, दोनी हातानं. मी म्हटलं बाहेर चला. ती ओरडली, असं ओरडली का सात मजल्याच्या त्या जिन्यात आवाज वरपर्यंत गेला अन् फिरून खाली आला. एक दार उघडलं नाई. दारायले ते काचेचे डोळे राह्यतात ना, समोरच्या डोळ्यामांगं अंधार झाला, म्हंजे कोणीतरी पाहून राह्यलं होतं. मी तिचं एक एक बोट चौकटीवरून सोडवलं, शेंगा सोलल्यासारखं, अन् करंगळी सोडवून राह्यली तर तिनं माहं मनगट चावलं. सोडेच ना. मी दुसऱ्या हातानं तिच्या तोंडावर मारली. एक दात फरशीवर पडला, आवाज आला, बटन पडल्यासारखा. तिचं तोंड रगतानं भरलं, माहं मनगट बी, कोणाचं रगत कोणतं समजे ना. मले एकदम बाबाचं फडकं आठवलं. मी खिशातला रुमाल काढला, तर सर जिन्यातून म्हणे, कल्पना, गाडीत बस, आपलं काम झालं. मी गाडीत बसली. तिचं नाव मले आजबी मालूम नाई. दात पाडला अन् नाव मालूम नाई.

त्याच्यानंतरची गोष्ट, एक दिवस घरी आली तर आरोही खेळून राह्यली होती. भावलीचे केस धरून तिले दाराबाहेर ओढे अन् म्हणे, बाहेर चला. माहाच आवाज, मान ताठ कराची तऱ्हा बी माहीच. मी तिच्या हातातून भावली घेतली तर पोट्टी भिंतीले चिकटली. मारीन म्हणून. मी तिले कधीच मारलं नोतं.

त्याच आषाढात बाबा गेला. माय तर आंधीच गेलती. मी तेरवीले आली अन् परत गेलीच नाई. पोट्टीले गावच्या शाळेत टाकलं. पऱ्हाटी बाबाच्याच वावरात लावलेली होती, वीतभर झालेली, बिमार माणसानं कोणाकडून लावून घेतली हे मी कोणाले इचारलं नाई. पहिले पंधरा दिवस मले झोप येई ना, काऊन का आवाजच नाई. मंग हळूहळू आवाज यायले लागले. टिटवी ओरडली का समजे नाल्यावर कोणी आलं. बंडीचा आवाज आला का समजे कोणाची आहे. मी पऱ्हाटीत उभी राहे, खांद्यापर्यंत हिरवं, चारी बाजूनं कोणीच नाई, अन् हात आपोआप ढिले होत. आठ वर्षं मुठी आवळून चालत होती हे मले तवा समजलं. मले वाटलं, सुटली मी. हात पुण्यातच राह्यले.

हात कोठं राह्यतात ताई. आंगालेच असतात.

पोळा झाला अन् मी धुऱ्यावरचं गवत कापाले काढलं. खालचा कोपरा पार छातीएवढा माजला होता, तिकडं मी गेलीच नोती. कापत कापत बोरीपाशी आली. आमच्या धुऱ्याचा दगड लहानपणापासून त्या बोरीले टेकून होता, त्याच्यावर बसून मी बोरं खाल्ली. पाह्यतो तर दगड बोरीपाशी नाई. चार तास, म्हंजे पऱ्हाटीच्या चार ओळी, अलीकडं, माह्या वावरात गाडलेला. बोर पलीकडं बेबीकाकूच्या वावरात गेलेली. माह्या डोक्यात एकच आलं, म्हातारा खाटेवर पडला अन् हिनं दगड सरकवला. घरी गेली, सब्बल आणली, तुमी पहार म्हणता ती, दगडाखाली घातली.

तिनं पाह्यलं तिकडून. आली धावत, लुगडं खोचून. दगडाले हात लावू नको वो, म्हणे. मी म्हटलं, माह्या बाबाचं वावर आहे. ती म्हणे, मोठी आली वावरवाली, बाप मेल्यावर वावर दिसलं तुले, एवढी वर्षं कोठं होती? मी सब्बलीवर जोर देला, दगड हालला. तिच्या हातात वाळली तुराटी होती, तिनं माह्या पाठीवर हाणली, एक, दोन, तुराटी मोडली, अर्धीनं तोंडावर हाणली, भुवई फुटली, डोळ्यात रगत आलं. अन् मंग मी काईच केलं नाई, हे खरं सांगतो, मी केलं नाई, हातानं केलं. मनगट धरलं, बाहेरून आत पिळलं, खाली दाबलं. हिवाळ्यात पऱ्हाटी मोडतो ना आपण सरपणाले, तसा आवाज आला. ती गुडघ्यावर बसली. अन् ओरडली.

अन् काय झालं मालूम आहे? लोक आले. तीन वावरातून लोक धावत आले. कोणी इळा टाकून आलं, कोणी कुत्र्यासंगं आलं, एक बाई तर जेवता जेवता उठून आली, हाताले भाजी लागलेली. मी तिथंच उभी, तोंडावर रगत, अन् मले तो सात मजल्याचा जिना आठवला. इथं एक आवाज गेला अन् सारं वावर उठलं.

सगळे माह्याकडं पाहून राह्यले होते, जवळ कोणी ये ना. या खेपी मी कोणाची वाट पाह्यली नाई. ओढणी काढली, दोन तुराट्या लावून तिचा हात बांधला, तिले पाठीवर घेतली अन् रस्त्याकडं निघाली. ती दुसऱ्या हातानं माह्या टाळक्यात मारे. सोड मले भवाने, तुह्या पाठीवर बसण्यापेक्षा मी तिरडीवर बसीन. मी चालतच राह्यली. म्हणे, जराक हळू चाल रेड्ये, हात हालते माहा. मी हळू चालली. म्हणे, आता काय संध्याकाळ करतं काय! ऑटोत टाकून आर्वीच्या दवाखान्यात नेलं.

दवाखान्याच्या बाकावर मारोतीकाका माह्या बाजूले येऊन बसला. मले वाटलं हा बी मारते. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणे, पोरी, तो दगड तुह्या बापानंच सरकवला वो. दोन पावसाळ्याआंधी. तुमच्या वावरातलं पाणी उतरून आमची पऱ्हाटी सडे, तर तुह्या बापानं आपल्या आंगाले नाली खोदली अन् म्हणे, नाली साफ कराची कोणं म्हणून पुढं तंटा नको, नाली तुमीच ठेवा, दगड मी अलीकडं घेतो. सब्बल मीच धरली होती त्याच्यासंगं. गवतात नाली दिसली नसन तुले.

मी म्हटलं, काकू बोलली काऊन नाई? तो म्हणे, तू इचारलं का? मंग म्हणे, यंदा तुह्या बापाच्यानं उठणं होये ना, तर तुमच्या वावरात बैलजोडी मी फिरवली. अन् सरकी तिनं टोबली, एक एक बी बोटानं मातीत दाबून, तीनी एकर. ज्या हाताले तू पीळ देला ना, त्याच हातानं.

लोकायनं तिले म्हटलं ठाण्यात रिपोट दे. तिनं देला नाई. म्हणे, धुऱ्यावरची गोष्ट धुऱ्यावर राहीन. पण माह्याशी बोलली बी नाई. शिव्या देत राह्यली असती तर मले झोप लागली असती. तिच्या वावरात मी दिसली का ती पाठ करून उभी राहे, गळ्यात पट्टा, प्लॅस्टरचा पांढरा हात. इकडं दसरा आला अन् कापूस फुटला, अन् मी वेचणाऱ्या बायायले बोलवाले गेली तर एक बाई बी हाव म्हणे ना. एकजण म्हणे, सीतादही केली का? दुसरी म्हणे, बेबीबाईनं घास खाल्ला का? पहिले ते करा, मंग आमाले बोलवा. एक तर तोंडावर म्हणे, तुमच्या वावरात याचं म्हंजे हातपाय मोजून याव लागते. कापूस पऱ्हाटीवर लोंबून राह्यला होता, खाली मातीत गळे. एकटीनं तीन एकर वेचणं होत नाई. तेवढ्यात पुण्याहून सरचा फोन, कल्पना, दिवाळीत मोठे कार्यक्रम आहेत, येतं का? मी बॅग काढली. आरोही दारात उभी होती. म्हणे, आई, तू काकूले बी बाहेर चला म्हटलं होतं का? मी म्हटलं, नाई बेटा. म्हणे, मंग आपण काऊन बाहेर चाललो?

बॅग तशीच ठेवली. सब्बल घेतली अन् वावरात गेली. मी हालवून ठेवलेला दगड वाकडा पडला होता, तो उपसला, बाबानं जिथं गाडला होता तिथंच सरळ गाडला, नाली साफ केली खालपर्यंत. बेबीकाकू पाहून राह्यली होती का नाई मालूम नाई, मी वर पाह्यलंच नाई. मंग तशीच, मातीच्या हातानं, तिच्या आंगणात जाऊन उभी राह्यली.

आतून आवाज आला, कोण व्हय? मारोतीकाका म्हणे, कल्पी आहे. ती म्हणे, काऊन आली, डावा हात राह्यला म्हणून आली का? मी म्हटलं, काकू, उद्या सीतादही आहे. मी दारापाशी सरकली. मी म्हटलं, चुकली मी. इचाराले पायजे होतं. आतून कढईत उलथणं वाजलं, तेवढंच. मारोतीकाकानं माह्याकडं पाह्यलं अन् खांदे उडवले.

दुसऱ्या दिवशी मी दगड मांडले, हळद-कुंकू लावलं, दहीभाताचं गंज, म्हंजे पातेलं, ठेवलं. बाया आल्या, पण वावरात शिरल्या नाई, धुऱ्यावर बसून राह्यल्या, कापूस भराचे कंबरेचे फडके सोडून. ऊन चढलं. एकजण उठली, म्हणे जातो वो बाई, घरी लेकरू आहे. एवढ्या मारामाऱ्या केल्या, एवढं भेव मले कधी वाटलं नाई. अन् मंग नाली ओलांडून बेबीकाकू आली. हळूहळू, पट्ट्यातला हात सांभाळत. दगडापाशी थांबली, पायानं ठोसून पाह्यलं हालते का. नाई हालला. मंग माह्यासमोर येऊन बसली.

मी घास घेतला अन् तिथंच अडकली. तळहातावर द्याचा असते, अन् तिचा उजवा हात प्लॅस्टरमधी. निवदाले डावा हात चालत नाई. बाया पाहून राह्यल्या. ती बी पाहून राह्यली, का आता काय करतं. मंग तिनं तोंड उघडलं. मी हात पुढं नेला अन् ताई, तिचे ओठ बोटाले लागले तसा माहा हात सवताहूनच मांगं आला, हे मनगट असं जळालं का दही सांडलं तिच्या लुगड्यावर. तिले काय मालूम त्या म्हातारीचं. ती म्हणे, भेऊन काऊन राह्यली वो? मी चावत नाई. दात आहेत कोठं मले?

बाया हसल्या. मी हसली नाई. मी दुसरा घास घेतला, तिच्या तोंडात देला, अन् तिनं खाल्ला. सावकाश, हिरड्यानं. मंग म्हणे, मीठ कमी आहे. तुही माय घालत होती बराबर. अन् बायायकडं वळून म्हणे, बसल्या काय नुसत्या, जेवा अन् लागा कापसाले, एवढं पांढरं पडलं दिसत नाई का?

तिचा हात काई पहिलेसारखा झाला नाई. मूठ पुरी वळत नाई, थंडीत ठणकते. म्हणून तिची म्हैस मी दोहतो, सकाळ-संध्याकाळ, एक दिवसाचा बी नागा नाई. रोज ती बाजूले बसून सांगते, थान ओढू नको, ते काई कोणाचं मनगट नाई. रोज तोच बोल. मी ऐकून घेतो. हे फडकं मले जिंदगीभर धरून ठेवाचं आहे, रगत थांबलं तरी. आरोहीची भावली तिच्याच घरी पडली राह्यते, दोघी तिले लुगडं नेसवतात.

गावात भांडण नाई असं मी तुमाले सांगणार नाई, खोटं होईन. इथं माणूस मारते तवा आपल्याच माणसाले मारते, अन् दुसऱ्या दिवशी त्याचंच तोंड पाहाव लागते. पुण्यात ते पाहाव लागत नोतं, म्हणून मी त्या कामात आठ वर्षं टिकली, अन् म्हणूनच परत जात नाई. त्या म्हातारीले माहा नमस्कार लिहा. नाव नाई, तर तसाच लिहा. अन् तुमी बी जेथं राहान तेथं, तुमच्या धुऱ्यापलीकडं कोणीतरी असो, तोंडाची कशीबी असो, पण बोंबललं तर ऐकणारी असो.

थांबा. आवाज आला ना? तीच. वासरू सुटलं असन. आली वो काकू, आली.